चाळीस एकर ते चौरस फूट : एका गावाची आणि एका महानगराची मोजदाद

पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या काठी, पिंपळे सौदागर नावाचे एक गाव होते. ‘होते’ एवढ्याचसाठी म्हणायचे, की नाव आजही आहे. पण गाव म्हणून ओळखावे असे जे काही असते ते तेथे आता शोधावे लागते. रुंद रस्ते, उंच इमारती आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारी, देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे, असे त्याचे आजचे रूप आहे. तेथे घर घेऊ पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चौरस फुटाच्या भावाचा. याच जागेविषयी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने निराळा प्रश्न विचारला होता. येथील कुणब्याच्या वाट्याला जमीन किती येते, आणि तेवढ्या जमिनीवर त्याच्या घरच्यांचे पोट भरते काय?

या दोन प्रश्नांच्या मधल्या शंभर वर्षांत पुणे नावाच्या महानगराचा इतिहास सामावलेला आहे. तो इतिहास आपण बहुधा वास्तूंच्या, चळवळींच्या आणि थोर पुरुषांच्या आधारे सांगतो. तसा तो सांगावाही. परंतु एखाद्या प्रदेशातील माणसे जगत कशी होती, कोणाच्या मिळकतीवर कोणाची चूल पेटत होती, हे समजून घ्यायचे तर गावपातळीवरच्या, गल्लीपातळीवरच्या आकड्यांकडे वळावे लागते. आकडे म्हटले की वाचक पान उलटतो, याची मला कल्पना आहे. तरीही थोडा धीर धरावा अशी विनंती आहे, कारण या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे.

हॅरॉल्ड मॅन हे त्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव. जन्म १८७२ चा, इंग्लंडमधील यॉर्क गावचा. यॉर्कचा उल्लेख सहज केलेला नाही. चार्ल्स बूथ यांनी लंडनमधील श्रमिकांच्या जीवनाची घरोघर चौकशी करून त्याचे खंड १८८९ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शहरातील सुमारे तीस टक्के लोक दारिद्र्यात आहेत हा त्यांचा निष्कर्ष तेथील सुखवस्तू समाजाला हादरवून गेला. लंडन ही राजधानी, तेथे असे असायचेच, अशी कोणी समजूत करून घेऊ नये म्हणून सीबॉम राउंट्री यांनी तीच चौकशी आपल्या यॉर्क या लहान शहरात केली आणि १९०१ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. प्रमाण जवळपास तेवढेच निघाले. मॅन यांनी हीच पद्धत आधी इंग्लंडमधील एका खेड्याला लावून पाहिली. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून काम करीत असताना त्यांनी ती मावळतीच्या अंगाच्या या लहानशा गावाला लावली. ‘दख्खनच्या खेड्यातील जमीन आणि श्रम’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव असलेले त्यांचे पुस्तक १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेत पहिले पुस्तक म्हणून निघाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१५ मध्ये, त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला होता. एकाच काळात एक मराठी माणूस गावाची रचना आतून सांगत होता आणि एक परका माणूस त्याच प्रकारच्या गावाचा जमाखर्च मांडत होता. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत.

मॅन यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की वर्तमानकाळावर न थांबता ते जुन्या कागदांत शिरले. पेशवाईतील आणि नंतरच्या इंग्रजी अमलातील जमिनीच्या नोंदी तपासून त्यांनी खातेदाराच्या सरासरी जमिनीचा हिशेब काढला. १७७१ मध्ये, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, ही सरासरी सुमारे चाळीस एकर होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली होती. १८२० ते १८४० या काळात ती चौदा एकरांच्या आसपास राहिली. आणि १९१४-१५ मध्ये ती होती सात एकर. खात्यांपैकी ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आतली आणि ६० टक्के तर पाच एकरांच्याही आतली होती.

हे आकडे पुढे फार गाजले. स्वातंत्र्यापूर्वीच्या अनेक लेखकांनी परकी राजवटीने शेतकरी कसा नागवला याचा पुरावा म्हणून ते उद्धृत केले. त्या आरोपात तथ्य नव्हते असे नाही. तथापि आकडे नीट पाहिले तर दिसते की चाळिसाचे साडेसतरा होण्याची घसरण १८१८ च्या आधीच झालेली होती. लोकसंख्येची वाढ, वारसांतील वाटण्या, गावाबाहेर दुसरा धंदा नसणे, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. एकाच गावच्या आकड्यांवरून एवढ्या मोठ्या आरोपाचा निवाडा करता येत नाही. आपले म्हणणे सोयीस्कर दिसावे म्हणून आकड्याचे अर्धेच वाक्य वाचायचे, ही सवय आजही गेलेली नाही.

माझ्या मते या पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग सरासरीचा नाही. तो कुटुंबांचा आहे. मॅन यांनी गावातील १०३ कुटुंबांची मिळकत, कर्ज आणि त्यांच्याच राहणीप्रमाणे लागणारा खर्च यांचा ताळा घातला. केवळ स्वतःच्या जमिनीवर ज्यांचा संसार सुरळीत चालू शकतो अशी कुटुंबे निघाली आठ. जमिनीच्या जोडीला बाहेर मजुरी केली तर ज्यांचे भागते अशी अठ्ठावीस. आणि जमीन व मजुरी दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही अशी सदुसष्ट. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश गाव दरवर्षी थोडे थोडे बुडत होते. सात एकरांची सरासरी हे सांगत नाही. सरासरीत आठ घरेही असतात आणि सदुसष्टही, पण दिसत कोणीच नाही.

आता त्या अठ्ठावीस कुटुंबांकडे पाहावे. त्यांना तारणारी मजुरी कोठून येत होती? गावापासून काही मैलांवर खडकीची छावणी होती, तेथे १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता आणि पलीकडे पुणे शहर होते. शेतावर न भागणारा माणूस त्या दिशेने जात होता. गावाच्या सीमेवर कसलीही पाटी बदललेली नव्हती. महसुलाच्या दप्तरी ते शेतकऱ्यांचे खेडेच होते. पण घरोघरचा हिशेब पाहिला तर त्या खेड्याचा काही भाग शहराच्या पगारावर जगू लागला होता. महानगर नकाशावर उमटते त्याच्या फार आधी ते घराच्या जमाखर्चात उमटते, हे मला या पुस्तकाने शिकवले. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले ते २०१५ साली. पिंपळे सौदागरच्या जमाखर्चात तो प्रदेश त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे हजर होता.

हे गाव पुण्याच्या फार जवळ, त्यावरून सगळ्या दख्खनचे अनुमान कसे करावे, असा आक्षेप कोणीही घेतला असता. मॅन यांनी कानिटकर यांच्या साहाय्याने शहरापासून दूरचे, कोरडवाहू असे जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव निवडले आणि त्याचा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील स्थिती अधिकच बिकट निघाली. एका ठिकाणी मिळालेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी विचारून ताडून पाहायचे, हा अभ्यासकाचा प्रामाणिकपणा होय.

खेड्याच्या बाजूने ही मोजदाद झाली, तशी ती शहराच्या बाजूनेही होणे आवश्यक होते. ते काम धनंजयराव गाडगीळ यांनी हाती घेतले. भारत सेवक समाजाने १९३० साली स्थापन केलेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. आपल्या शहराचे आपणच परीक्षण करावे, या भूमिकेतून संस्थेने १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे हे मुंबईसारखे मोठ्या गिरण्यांचे शहर नव्हते. कचेऱ्या, शाळा, छावणी, तांबट आळीतील भांड्यांचा धंदा, विड्या वळणारी घरे, किरकोळ दुकाने, घरगडी आणि मोलकरणी यांवर ते उभे होते. अशा शहराचे अर्थकारण एका मोठ्या भोंग्याच्या आवाजावरून कळत नाही. त्यासाठी जिने चढावे लागतात, वाड्यामागच्या खोल्यांत डोकवावे लागते.

या पाहणीची खरी किंमत पुढे कळली. १९५४ मध्ये संस्थेने त्याच शहराची पुन्हा पाहणी केली आणि नी. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. मधल्या अठरा वर्षांत महायुद्ध होऊन गेले होते, देश स्वतंत्र झाला होता, फाळणीनंतर निर्वासित आले होते, आणि पिंपरीला प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिला होता. पहिली पाहणी नसती तर दुसऱ्या पाहणीला केवळ ‘असे आहे’ एवढेच म्हणता आले असते. पहिली होती म्हणून ‘असे झाले’ म्हणता आले. पिंपळे सौदागरचीही पुनर्पाहणी झाली. डिस्कळकर यांचा तो अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. एकदा मोजणे म्हणजे छायाचित्र काढणे. त्याच उंबरठ्यावर, तोच प्रश्न घेऊन पुन्हा जाणे म्हणजे इतिहास लिहिणे.

मात्र या साऱ्या खटाटोपात एक दुवा निसटत राहिला. खेड्याचा अभ्यास करणारा शहराकडे जाणाऱ्या माणसाला वेशीपर्यंत पोचवतो. शहराचा अभ्यास करणारा त्याला नगरपालिकेच्या हद्दीत आल्यावर भेटतो. त्याने गावी पाठवलेला पगार, गावाहून आलेली धान्याची गोणी, सणासुदीला आणि पेरणीला घेतलेली रजा हे सारे दोन अहवालांच्या मधल्या फटीत पडते. महानगर प्रदेश तर नेमका त्याच फटीत वसलेला असतो.

आज ती फट बुजली आहे काय? पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे, खडकी व देहूरोड या तीन छावण्या आणि भोवतालच्या ग्रामपंचायती, असा हा प्रदेश अनेक दप्तरांत विभागलेला आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर होती. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी ही दोन २०२४ मध्ये पुन्हा वगळण्यात आली. हद्द बदलली की आकडा बदलतो, आणि वाढलेला आकडा पाहून शहर वाढले की शहराची व्याख्या वाढली हे सांगता येईनासे होते. त्यात २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. पुढील जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून करण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. ज्या वर्षांत या प्रदेशाचे रूप झपाट्याने पालटले, नेमक्या त्याच वर्षांसाठी आपण २०११ च्या आकड्यांवर अंदाज बांधत राहिलो. रेशन कोणाला, पाणी किती, शाळा कोठे, हे प्रश्न अंदाजावर सुटत नाहीत. मोजणीत न आलेला माणूस वाटपातही येत नाही.

याचा एक उलटा, आशादायक दाखलाही पुण्यातलाच आहे. शहराच्या कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया कोणत्याच खानेसुमारीत कामगार म्हणून दिसत नव्हत्या. ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहायला त्यांच्यासाठी शब्दच नव्हता. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. या स्त्रिया किती माल उचलतात, त्यामुळे शहराचा किती कचरा वाहून नेण्यावाचून वाचतो, याचे अभ्यास झाले आणि दानधर्माची भाषा बाजूला सारून हिशेबाची भाषा पालिकेपुढे ठेवण्यात आली. १९९६ मध्ये पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ मध्ये घरोघर कचरा गोळा करण्याचे काम ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेकडे आले. बूथ, राउंट्री, मॅन यांच्या चौकशीत गरीब माणूस उत्तरे देणारा होता, प्रश्न त्याचे नव्हते. येथे प्रश्नही मोजल्या जाणाऱ्यांचा होता आणि उत्तराचा उपयोगही त्यांनाच झाला. सामाजिक पाहणीच्या शतकभराच्या प्रवासात हा टप्पा मला लहान वाटत नाही.

प्रश्न कोणाचा, याला महत्त्व आहे ते यासाठी, की आकडा म्हणजे नेहमी कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. पेशव्यांचे दप्तर सारा किती बसेल हे विचारत होते, म्हणून त्यात जमीन आहे, पण त्या जमिनीवर राबणारी बाई नाही. मॅन यांनी पोट भरते काय हे विचारले, म्हणून त्यांना सदुसष्ट घरे दिसली. आजचा बाजार भाव विचारतो, म्हणून त्याला फक्त चौरस फूट दिसतात. मोजमापाचे एकक पाहावे. एकर, मग गुंठा, मग चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. गुंठ्या-गुंठ्याने पडलेल्या तुकड्यांवर इतकी घरे उभी राहिली, की २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा राज्याला करावा लागला. एकक लहान होत गेले आणि भाव चढत गेला. पण १९१७ चा प्रश्न मिटलेला नाही. त्या उंच इमारतींत सकाळी भांडी घासायला येणारी, रात्री दारावर बसणारी, बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी जी माणसे आहेत, त्यांच्या घरचा ताळा कोणी घालील तर आठ, अठ्ठावीस आणि सदुसष्ट यांच्या जागी कोणते आकडे येतील?

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी वाचकांना हा विषय परका वाटू नये. नगरवर्णनाची मराठी परंपरा ज्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथाने सुरू झाली, त्याचे कर्ते गोविंद नारायण माडगांवकर हे मूळचे गोव्यातील मडगावचे. त्यानंतर पाच वर्षांनी ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्याचा आणि १९१८ मध्ये इंदूरचा नगररचना-अहवाल सादर केला. आधी पायी हिंडून पाहणी करावी आणि मगच आराखड्याला हात घालावा, हा त्यांचा आग्रह होता. हैदराबाद-सिकंदराबाद आणि बडोदा या शहरांच्या सामाजिक-आर्थिक पाहण्या १९५० नंतरच्या दशकात झाल्या. म्हणजे आपल्या गावांच्याही बाबतीत ‘पहिले छायाचित्र’ कोठे ना कोठे आहे. दुसरे काढण्याचे तेवढे राहिले आहे.

त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या प्रवेशनोंदवहीत मुलाच्या नावापुढे बापाचा धंदा आणि मूळ गाव लिहिलेले असते. देवस्थानाच्या कीर्दीत वर्षानुवर्षांचे धान्याचे आणि तेलाचे भाव असतात. जुन्या पतपेढीच्या कर्जवहीत लग्न, आजारपण, शिवणयंत्र, फी अशी कारणे ओळीने मांडलेली असतात. घरपट्टीच्या उताऱ्यावर वाडा कधी विभागला आणि भाडेकरू कधी आले ते दिसते. आपण राजकारणाच्या पत्रांना इतिहासाची साधने मानले, राजवाड्यांच्या पुण्याईने ती जपलीही. हिशेबाच्या वह्यांना मात्र आपण रद्दीत घातले. वाडा पाडताना त्या पोत्यात भरून जातात आणि त्यांच्याबरोबर त्या घरातील सदुसष्टांचा पुरावाही जातो.

पिंपळे सौदागरची ती १०३ कुटुंबे आज कोठे असतील ते सांगता येणार नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या वारसाने जमीन विकून बंगला बांधला असेल, कोणाचा वारस त्याच जमिनीवरच्या इमारतीत पहारेकरी असेल. पण ती घरे होती, त्यांचे भागत नव्हते आणि तरीही ती टिकून राहण्यासाठी शहराची वाट चालत होती, एवढे आज आपल्याला निश्चित ठाऊक आहे. ते ठाऊक आहे, कारण एका माणसाने उंबरठ्यावर बसून विचारले आणि आलेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवले. आपल्या गावात, आपल्या गल्लीत हे कोणी विचारले आहे काय? नसेल, तर ज्याच्या घरी जुनी वही आहे त्याने निदान ती रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्याआधी एकदा उघडून पाहावी.